वाढीचे दप्तर

मुलगी वयात केव्हा येते, या प्रश्नाइतका महाराष्ट्रात गाजलेला शरीरशास्त्राचा दुसरा प्रश्न नसेल. परंतु तो गाजला तो शास्त्रार्थात, कोर्टकचेरीत आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत, आणि ज्या देहाविषयी हा सारा वाद चालला होता त्या देहाची वाढ मोजून तिची नोंद ठेवावी, असे मात्र फारसे कोणास सुचले नाही. १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्याने दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली, तेव्हा एका बाजूने गर्भाधानसंस्काराची वचने पुढे आली आणि दुसऱ्या बाजूने डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्याच धर्मग्रंथांतून त्यांना उत्तर दिले. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपास कडवा विरोध केला. पण मुलींची लग्ने सोळाव्या वर्षापूर्वी करू नयेत असे स्वेच्छेचे बंधन आदल्याच वर्षी त्यांनीच सुचविले होते, ही गोष्ट आज बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहे.

या गदारोळाच्या सुमारे पंधरा वर्षे आधी मुंबईतल्या एका घरात हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला गेला होता, आणि मला तो प्रसंग सर्व खंडनमंडनापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले आणि पुढे काही महिन्यांतच त्यांना न्हाण आले. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे मखर, फलशोभन आणि गर्भाधान हे ओघानेच व्हावयाचे; पण त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः वैद्यकाचे जाणकार, आणि त्यांनी त्यास संमती दिली नाही. पुढे त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी लावलेला दावा, १८८५ सालचा न्यायमूर्ती पिन्हे यांचा निकाल, १८८७ सालचा न्यायमूर्ती फॅरन यांचा ‘नांदावयास जा, नाही तर सहा महिने कैद भोगा’ हा हुकूम आणि १८८८ सालची दोन हजार रुपयांची तडजोड, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या मुळाशी एका वैद्याचा साधा निर्णय आहे: ऋतुप्राप्ती ही वाढीची एक पायरी आहे, वाढीची समाप्ती नव्हे. पहिल्या पाळीनंतरही मुलीची उंची साधारणतः पाच ते सात सेंटिमीटर वाढावयाची असते, हे आजचे शास्त्र सांगते. आणि तिचा कटिभाग प्रसूतियोग्य व्हावयास त्यानंतरही काही वर्षे जावी लागतात.

त्या काळच्या वादात एक गृहीत दोन्ही पक्षांनी बहुधा निमूटपणे मान्य केलेले दिसते, ते असे की उष्ण देशातल्या मुली लवकर वयात येतात. मोंतेस्क्यूने १७४८ साली आपल्या कायदेविषयक ग्रंथात उष्ण हवामानातल्या स्त्रिया आठ-नऊ-दहाव्या वर्षीच विवाहयोग्य होतात असे लिहून ठेवले, आणि युरोपातल्या विद्वानांनी ते पिढ्यान्‌पिढ्या उगाळले. मँचेस्टरचे शस्त्रवैद्य जॉन रॉबर्टन यांनी १८४०च्या दशकात हिंदुस्थानातून माहिती मागवून या समजुतीस आव्हान दिले आणि दोष हवेचा नसून लवकर लग्न लावण्याच्या चालीचा आहे असे मांडले. कोकणात आजही ‘हवाच तशी’ असे म्हणून अनेक गोष्टींची वासलात लावली जाते. वास्तविक हवा तीच राहून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातल्या मुलींना सोळा-सतराव्या वर्षी येणारी पहिली पाळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेराव्या वर्षावर आली. बदलले होते ते अन्न, आणि रोगराईचे प्रमाण.

मग लहान वयात न्हाण येणे हे सुबत्तेचेच लक्षण समजावयाचे काय? येथे विषय अवघड होतो. प्रौढत्वाची किल्ली मेंदूच्या तळाशी असते. तेथून संप्रेरकाचे सूक्ष्म ठोके पडतात, ते पीयूषिका ग्रंथीस जागे करतात आणि ती बीजकोशांना अथवा वृषणांना. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे ठोके एकदा पडून गेलेले असतात, मग कित्येक वर्षे ते थांबतात, आणि पुन्हा सुरू होतात ते प्रथम रात्रीच्या झोपेत. ते केव्हा सुरू व्हावेत यावर आनुवंशिकतेचा अंमल मोठा असला, तरी शरीरात साठलेल्या मेदाची वर्दीही तेथपर्यंत पोहोचत असते. या संदर्भात हिंदुस्थानातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार विचारप्रवर्तक वाटतो. येथे उपासमारीत जन्मलेल्या आणि तेथे भरल्या ताटावर वाढलेल्या या मुलींची उंची आरंभी झपाट्याने वाढली, परंतु पहिल्या पाळीचे त्यांचे मध्यम वय अवघे ११.६ वर्षे निघाले, काहींना तर ती आठव्या वर्षाच्याही आत आली, आणि शेवटी त्या ठेंगण्याच राहिल्या. याला जोडून पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत चालविलेले काम पाहावे. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्याचे ३.५, पण आपल्या बालकात उणीव होती ती स्नायूंची आणि अवयवांची, त्वचेखालचा मेद त्याने जपून ठेवलेला होता. आईच्या पोटात काटकसर शिकलेले हे शरीर पुढे विपुलतेत पडले की त्याचे वेळापत्रक बिघडते. कोकणच्या ज्या किनाऱ्यावर एका पिढीच्या अवधीत नाचणी-भात मागे पडून पुडीतला खाऊ, बाटलीतले गोड पेय आणि हातातला मोबाईल कोळीवाड्यापासून कातकऱ्यांच्या वाडीपर्यंत पोहोचला, तेथे ही शक्यता मनात धरूनच मुलांकडे पाहिले पाहिजे. टाळेबंदीच्या काळात अकाली वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे इटलीतल्या आणि पुण्यातल्याही बालवैद्यांनी नोंदविले, ती वाढ काही हवेतून आलेली नव्हती.

याच किनाऱ्यावरच्या मुरुडच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. (मुरुड म्हटले की सुशिक्षितांना दापोलीचे, महर्षी कर्व्यांचे मुरुड आठवते, मी बोलतो आहे ते जंजिऱ्याचे.) येथे १९४८ पर्यंत सिद्दी नवाबांचा अंमल होता, आणि मुलीचे वय चौदा ठरविणारा १९२९ सालचा सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच असल्यामुळे तो संस्थानाच्या हद्दीत आपोआप लागू नव्हता. आज अठरा वर्षांचा कायदा सर्वत्र सारखा आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के अठराच्या आत विवाहित झालेल्या आढळल्या, आणि पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी. हे दोन आकडे एकाच गोष्टीची दोन टोके आहेत असे मी मानतो. ज्या घरात मुलीला पदर आला की तिची काळजी सुरू होते आणि त्याआधी तिच्या वाढीकडे कोणी पाहत नाही, त्याच घरात खुज्या आईच्या पोटी खुजे मूल येते.

वाढीचे विकार दोन्ही दिशांनी येतात आणि दोन्हींवर समाज चुकीचा शिक्का मारतो. आठ वर्षांच्या आत मुलीत किंवा नऊच्या आत मुलात वयात येण्याची चिन्हे दिसू लागली, तर ते अकाली समजावे. असे मूल प्रथम वर्गात सर्वांहून उंच दिसते, आईबाप ‘अंगापिंडाने भरले’ म्हणून समाधान मानतात, आणि हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा संप्रेरकांनी लवकर मिटून गेली की तेच मूल पुढे सर्वांहून बुटके राहते. मुलींत याचे कारण बहुधा सापडत नाही. मुलांत मात्र मेंदूतल्या गाठीपर्यंत शोध घ्यावा लागतो. महिन्याने किंवा तीन महिन्यांनी द्यावयाच्या इंजेक्शनाने हे थांबविता येते, पण कूर्चा मिटण्यापूर्वी. मिटल्यावर जगातला कोणताही वैद्य ती उघडू शकत नाही. दुसऱ्या टोकास तेराव्या वर्षापर्यंत मुलीत आणि चौदाव्यापर्यंत मुलात काहीच चिन्ह न दिसणे. त्यांतले कित्येक मुलगे बापासारखेच सावकाश वाढणारे असतात आणि त्यांना धीराखेरीज औषध नको असते. पण दर दोन-अडीच हजार मुलींमागे एकीत जन्मतः एक गुणसूत्र उणे असते, टर्नरचा विकार म्हणतात तो हा, आणि तिची उंची पाचव्या-सहाव्या वर्षापासून मागे पडत असूनही दखल घेतली जाते ती पाळी आली नाही म्हणून लग्नाची पंचाईत झाल्यावर. मग त्या निरपराध मुलीस आणि तिच्या आईस जे ऐकावे लागते, ते ऐकून कोणाही विचारी माणसाचा संताप व्हावा.

अवटु ग्रंथीची, म्हणजे आज घरोघर जिला थायरॉइड म्हणतात तिची, गोष्ट याहून निकडीची. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटते की समुद्राच्या मासळीत आयोडीन असल्याने येथे हा आजार व्हावयाचा नाही. गलगंडापुरते त्यात तथ्य आहे, परंतु जन्मजात दोष बहुतेक वेळा ग्रंथी नीट घडली नसल्यामुळे येतो आणि त्यास बोंबील-बांगडा काही करू शकत नाही. जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तो ओळखला आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अल्प किमतीची गोळी सुरू केली, तर मूल बुद्धीने व उंचीने इतरांसारखेच वाढते. उशीर झाला तर उंची काहीशी भरून येते, बुद्धी येत नाही. शेजारच्या गोव्यात सरकारने २००८ साली नवजात बालकांची अशी तपासणी सुरू केली होती. रायगडच्या किनाऱ्यावर जन्मणाऱ्या प्रत्येक बालकास ती का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

या सर्वांचा शोध लावण्याचे पहिले साधन मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातले यंत्र नाही, ते भिंतीवरची मोजपट्टी आहे. फ्रान्समध्ये माँबेयार नावाच्या गृहस्थाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची नियमाने मोजली, आणि वाढीच्या शास्त्रात ती नोंद आजही आधारभूत मानली जाते. एकदाच मोजलेली उंची फारसे काही सांगत नाही. दोन मोजण्यांतला फरक सांगतो. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाकाठी पाच सेंटिमीटरांहून सातत्याने कमी वाढत असेल, तर ते दिसावयास कसेही असो, त्याची तपासणी झाली पाहिजे. मोजणेही निष्काळजीपणे करून भागत नाही. मुलाला अनवाणी उभे करावे, मुलीची वेणी किंवा अंबाडा सोडवावा, टाचा, कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवावी, नजर समोर ठेवावी, आडवी फळी डोक्यावर दाबून आकडा मिलिमीटरपर्यंत लिहावा, आणि पुढच्या वेळीही सकाळीच मोजावे, कारण संध्याकाळपर्यंत माणूस सुमारे एक सेंटिमीटरने खाली बसतो.

सहा वर्षांपर्यंत हे काम अंगणवाडी करते; तेथील सेविका वजन, उंची आणि दंडघेर यांचा हिशेब ठेवते. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते; हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरात सुरू झाला. पण या वर्षीचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी मांडून वजाबाकी करावी, एवढे जरी प्रत्येक शाळेत झाले तरी निम्मे काम झाले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी सिद्ध केलेले वाढीचे तक्ते, ज्यांत पुण्याच्या डॉ. वामन व डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे, ते वर्गात टांगावयास खर्च नगण्य आहे. माझा आग्रह सधन घरातल्या निरोगी पण बेताच्या उंचीच्या मुलांना वाढीच्या संप्रेरकाची महागडी इंजेक्शने टोचण्याचा नाही. ते एक नवे खूळ आहे आणि त्यापासून सावध राहावे. आग्रह आहे तो ज्यांची वाढ खरोखर थांबली आहे त्यांची दखल वेळेत घेण्याचा, आणि मुलींच्या बाबतीत ती स्त्री-शिक्षिकेने एकांतात, लाज न वाटू देता घेण्याचा.

सर्वांत अवघड प्रश्न कातकरी मुलांचा आहे. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ती वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात, आणि शाळेच्या दप्तरात त्या महिन्यांची जागा कोरी राहते. अशा स्थलांतरित मुलांना शाळा शिक्षण हमीचे कार्ड देते, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्यांस बसू द्यावे. त्याच कार्डावर उंची, वजन आणि मोजल्याची तारीख यांचे तीन रकाने वाढवावेत, जाताना एकदा आणि येताना एकदा ते भरावेत, आणि वर्षअखेर वाढ पाच सेंटिमीटरांच्या आत निघाली तर मुख्याध्यापकांनी त्या मुलास मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयामार्फत अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाकडे लेखी पाठवावे. जिल्हा परिषदेला यासाठी नवा कायदा नको, नवी वास्तू नको. येत्या दिवाळीपूर्वी एक परिपत्रक काढावे लागेल.