नवे फादर कसे हवेत?



फादरांच्या बदलीची कुणकुण लागली की मिस्सानंतर अंगणात चर्चा रंगते. नवे फादर प्रवचन लवकर आटोपतात का? गातात कसे? आपल्याकडे मतदान नसते. नेमणूक वसईचे बिशप करतात. मात्र १९८३च्या कॅनन कायद्याचे ५२४वे कलम त्यांना सांगते, की पक्षपात न करता सर्व परिस्थिती पाहावी आणि योग्य वाटल्यास प्रापंचिकांचेही ऐकावे. ५२१वे कलम शुद्ध शिकवण, सचोटीचे आचरण आणि आत्म्यांविषयीची तळमळ मागते. गोड गळ्याचा त्यात उल्लेख नाही!

आपल्या मनोर परिसराची परिस्थिती कोणती? भातकापणी उरकली की पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. सहा-सहा महिने ख्रिस्तमंदिरात न दिसणाऱ्या माणसांना शोधत भट्टीपर्यंत जाणारा, वारली बोलीत त्यांची विचारपूस करणारा धर्मगुरू इथे हवा. २०१३च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी धर्मगुरूंना हेच सांगितले होते: मेंढपाळाच्या अंगाला मेंढरांचा वास यावा.

उद्या आपल्याला विचारले, तर आपण आपली सोय सांगणार की भट्टीवरच्यांची गरज? आणि नवे फादर तिकडे निघाले, तर वाट दाखवायला बरोबर कोण जाणार, तेही आताच ठरवून ठेवू या.