मित्राचा शब्द किती प्रमाण?

मित्राने सांगितलेले खरे का मानावे, या प्रश्नाला न्यायदर्शनात शब्दप्रमाणाच्या चर्चेत उत्तर मिळते. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला गौतमाने शब्द हे चौथे प्रमाण मानले. अट एवढीच, की तो शब्द आप्ताचा हवा. मराठीत आप्त म्हणजे नातलग, जवळचा माणूस. वात्स्यायनाच्या भाष्यातला आप्त निराळा आहे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच ती सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त; मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. जवळीक किंवा कुळ यांना या व्याख्येत जागाच नाही, आणि हा तिचा फार मोठा गुण आहे.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदी जाहीर झाली. पाठोपाठ, दोन हजारांच्या नव्या नोटेत नॅनो जीपीएस चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी तिचा पत्ता लागतो, अशी बातमी फोनाफोनांतून फिरली. अशी चिप नोटेत नव्हती. पाठवणारा बहुधा वर्गमित्र, शेजारी किंवा मामेभाऊ; फसवण्याचा त्याचा हेतू नव्हता. म्हणजे आप्ताची दुसरी अट तो पुरी करत होता, पहिली नाही. चिप त्याने पाहिली नव्हती, त्याला पाठवणाऱ्यानेही नाही. मूळ सांगणारा ठाऊक नसताना तोंडोतोंडी चालत आलेल्या अशा बोलण्याला ऐतिह्य म्हणतात. अमक्या वडावर यक्ष राहतो, हे त्याचे जुने उदाहरण.

बाध, म्हणजे खोटे ठरवणारे दुसरे ज्ञान, येईपर्यंत ज्ञान खरेच धरावे, असे मीमांसादर्शन मानणारे मीमांसक सांगतात. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांच्या मते खरेपणाची खात्री बाहेरून करून घ्यावी लागते. मित्रांमध्ये माणूस नकळत मीमांसक असतो, आणि एरवी ते योग्यही आहे. प्रत्येक शब्द तपासत बसले तर मैत्री टिकणार नाही. पण बाध उशिरा आला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली.

सिनेमाबद्दलच्या मताची गोष्ट वेगळी. तिथे मित्र खराखुरा आप्त असतो, कारण सिनेमा त्याने स्वतः पाहिलेला असतो. तरीही लोक चिपची बातमी मुकाट मानतात आणि सिनेमाच्या मतावर हुज्जत घालतात. ती हुज्जत निरर्थक नाही. साहित्यशास्त्रकार अभिनवगुप्ताच्या मते रस, म्हणजे कलाकृतीचा आस्वाद, ही कुणा एकाची खासगी भावना नसते. काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले, त्या प्रत्येक सहृदयाला तो अनुभवता येतो. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटनेही १७९० मध्ये असेच काहीसे मांडले: सौंदर्याचा निर्णय सिद्ध करता येत नाही, पण तो देणारा इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या शेवटी आवाज थांबतो आणि रक्ताची इवली पावले उमटत जातात. एकाला ते अंगावर येते, दुसऱ्याला ओढूनताणून आणलेले वाटते. त्या निःशब्द दृश्यावर दोघे रात्रभर वाद घालू शकतात, कारण ते दोघांनीही पाहिलेले असते. चिपबद्दल मात्र त्यांच्यात विचारण्यासारखे एवढेच उरते, की हे तुला कोणी पाठवले.