चाललंय ना!

“चाललंय ना? मग हात कशाला लावता?” हे आमच्या मावळातलं लाडकं तत्त्वज्ञान. गळक्या कौलांपासून सर्व्हरपर्यंत सगळ्यांना लागू.

सर्व्हरच्या पोटात एक छोटा कारभारी असतो. मोठं यंत्र झोपलं तरी हा जागा. पुण्याहून हुकूम आला की लोणावळ्यातलं यंत्र चालू-बंद करतो. त्याचं फर्मवेअर, म्हणजे अक्कल, जुनी झाली की तो चोराचाही हुकूम ऐकू लागतो. नवी अक्कल घालताना वीज गेली, तर कारभारी मुकाच व्हायचा. आणि लोणावळ्याला आषाढात वीज! वळवणच्या पाण्यावर खोपोलीत १९१५ पासून वीज होते. काठावरचे आम्ही मेणबत्त्या शोधतो. म्हणून पापभीरू माणूस म्हणतो, “राहू द्या.”

पण यात पुण्य कुठलं? पुण्याहून सुरळीत आलेल्या गाडीचेही ब्रेक बोरघाट उतरण्याआधी तपासतातच. “चाललंय ना” म्हणणारा फलाटावरच राहतो, घाट उतरतात ते डब्यातले लोक. न केलेलं कामही आपलंच असतं. फक्त त्याखाली आपली सही नसते. तेव्हा बॅटरी भरा, पाऊस जरा उघडू द्या, आणि लावा हात!