चुकती दिशा सावरताना

एखादी व्यक्ती वाट चुकू लागली, की तिला सावरणे हे आपले कर्तव्य आहे, याविषयी सहसा दुमत नसते. परंतु ते केव्हा व कितपत करावे, हा प्रश्न मागेच राहतो. हेतू शुद्ध असला म्हणजे परिणामही शुद्ध होईल, असे आपण धरून चालतो.

20 मार्च 1937 रोजी अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्ट ही पृथ्वीप्रदक्षिणेच्या मार्गावर हवाईतील ल्यूक फील्डच्या धावपट्टीवरून हाउलंड बेटाकडे निघाली. तिचे दोन इंजिनांचे लॉकहीड इलेक्ट्रा विमान सुमारे 900 गॅलन इंधनाने जड झाले होते. धावता धावता ते किंचित उजवीकडे कलले. तिने डाव्या इंजिनाचा जोर कमी केला. कल थांबला खरा. पण विमान आता डावीकडे वळू लागले आणि ते वळण काही आवरेना. चाकांचे आधार मोडले व विमान पोटावर घसरत गेले. टायर फुटला की वैमानिकाचा हात चुकला, याविषयी पुढे मतभेद झाले.

शेपटीखाली लहान चाक असलेल्या अशा विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. म्हणून एकदा वळण सुरू झाले, की मागचे वजनच ते वाढवीत नेते. आरंभी वेग कमी असल्यामुळे सुकाणूलाही पुरेसा वारा मिळत नाही. यास्तव नवशिक्याला शिकवितात की, पाय सदैव जागा असावा, दाब लवकर पण थोडा द्यावा, आणि नाक सरळ येता येताच तो काढून घ्यावा. वेळेवर न काढलेला दाब हाच दुसऱ्या वळणाचा आरंभ होय.

आपल्या घरांत व मंडळ्यांत याच्या नेमके उलट घडते. मुलगा हळूहळू दुरावत असताना पित्याला सवड नसते. मग एके दिवशी तो घराची दारेच बंद करतो. हिशेबातील ढिलाई वर्षानुवर्षे चालू दिली जाते. मग भरसभेत अपमान होतो. याकोबाने आपल्या पत्रात जिभेला तारवाच्या लहानशा सुकाणूची उपमा दिली आहे. लहान वस्तूच्या हाती केवढी शक्ती असते, हे त्याने जाणले होते. याहून सूक्ष्म दोष म्हणजे, चुकलेला मनुष्य सरळ झाल्यावरही आपण दाब काढीत नाही. क्षमा केली असे म्हणतो, पण संशय चालूच ठेवतो. आणि तो दुसऱ्या बाजूला भरकटला, की त्यालाच दोष देतो.

मग अन्यायापुढेही सौम्यच राहावे काय? मुळीच नव्हे. वळण हाताबाहेर गेल्यावर हलका दाब पुरत नाही आणि जोराचा दाबही उपयोगी पडत नाही. तेथे इंजिनच बंद करावे लागते. इअरहार्टने त्या क्षणी विद्युत्‌प्रवाह तोडला. आग लागली नाही. विमानातील तिघेही सुखरूप राहिले. ज्याच्या हातून दुर्बलांना इजा होत आहे, त्याच्या हातातील अधिकार काढून घेणे हे असेच इंजिन बंद करणे आहे. त्यात सूड नसतो, आत बसलेल्यांची काळजी असते.

आणि थांबणे म्हणजे प्रवासाचा अंत नव्हे. दुरुस्त झालेले तेच विमान त्याच वर्षी जूनमध्ये कराची व कलकत्ता येथे उतरले. पुढे 2 जुलै रोजी ते हाउलंडजवळ नाहीसे झाले, ही निराळी कथा. धावपट्टीवर वाचलेल्या तीन जिवांचे मोल त्यामुळे उणे होत नाही.