पारख हा सद्गुण आहे काय?

कल्याण स्थानक सोडल्यावर लोहमार्गाला दोन फांटे फुटतात. एक कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे, द्राक्षांच्या मळ्यांकडे जातो. दुसरा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करीत कर्जतकडे वळतो. या दुसऱ्या फांट्यावर आमचें आयुष्य गेलें. अंबरनाथास घर, उल्हासनगरांत अध्यापन, आणि जून महिन्यांत बदलापूरचीं जांभळें, एवढाच आमचा भूगोल. पहिल्या फांट्यावर काय पिकतें आणि त्याचें पुढें काय होतें, याची चौकशी करण्याचें आम्हांस कधीं कारण पडलें नाहीं.

तें कारण गेल्या वर्षीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आणून दिलें. रसायनशास्त्राची पदवी घेतलेला हा तरुण बदलापूरच्या जांभळांपासून वाइन काढण्याचा परवाना मिळविण्याच्या खटपटींत आहे. आपल्या मनांत काय आहे तें आम्हांस समजावें म्हणून त्यानें दुसऱ्यांनीं केलेल्या दोन बाटल्या आणल्या होत्या. एक नाशिक जिल्ह्यांतील एका लहान उत्पादकाची, द्राक्षांची. दुसरी पूर्वीं आमच्याच ठाणें जिल्ह्यांत असलेल्या व २०१४ पासून पालघरांत गेलेल्या बोर्डीकडची, चिकूची. दोन पेल्यांत घोट घोट ओतून तो म्हणाला, "सर, चांगली कीं वाईट तें नका सांगूं. वेगळें काय लागतें, तेवढेंच सांगा." आम्हीं दोन्ही घोट घेतले. एक आंबट आणि दुसरी त्याहून कमी आंबट, यापलीकडे आम्हांस एक शब्द सुचला नाहीं. तीस वर्षें काव्यांतील रस शिकविणारा माणूस घोटभर रसापुढें मुका झाला! विद्यार्थी सौजन्यानें गप्प राहिला. आम्ही मात्र विचारांत पडलों.

प्रश्न असा कीं, चवीची पारख नसणें ही केवळ उणीव आहे, कीं तो दोष आहे? ज्याला सूर कळत नाहीं त्याला आपण दुर्दैवी म्हणतों, अनीतिमान् म्हणत नाहीं. मग जिभेलाच वेगळा न्याय कां लावावा?

डेव्हिड ह्यूम यानें १७५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभिरुचीवरील निबंधांत 'डॉन किहोटे'मधील एक गोष्ट सांगितली आहे. सँको पांझाच्या दोन नातलगांस एका पिंपांतील मद्याची परीक्षा करण्यास बोलाविलें होतें. एक म्हणाला, मद्य उत्तम आहे, पण किंचित् चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, उत्तम खरें, पण लोखंडाची येते. लोकांनीं दोघांचीही थट्टा केली. पुढें पिंप रिकामें झालें, तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली. अभिरुचीला वस्तूंतच कांहीं आधार असतो, हें ह्यूमला यावरून दाखवावयाचें होतें. आम्हांस या गोष्टींत आणखी एक अर्थ दिसतो. ते दोघे नसते, तर पिंप स्वच्छ राखणाऱ्याला आणि न राखणाऱ्याला एकच भाव मिळाला असता. म्हणजे पारख ही केवळ भोगणाऱ्याची चैन नव्हे. करणाऱ्याला न्याय मिळण्याचें तें एक साधन आहे.

नाशिककडील द्राक्षवाला वर्षांतून दोनदां वेलींची छाटणी करतो, आणि युरोपांत शरदांत निघणारें पीक येथें जानेवारी ते मार्चच्या सुमारास निघतें. ज्याला उत्तम वाइन करावयाची असते, तो कांहीं घड कच्चे असतांनाच कापून टाकतो, म्हणजे उरलेल्यांत रस अधिक उतरतो. हें सोडून दिलेलें उत्पन्न बाटलीच्या कागदावर दिसत नाहीं. तें फक्त चवींत दिसतें. ती चव ओळखणारा कोणीच नसेल, तर दुसऱ्या वर्षीं तो शेतकरी घड कापणार नाहीं, आणि त्याला दोष देण्याचा आपणांस अधिकार उरणार नाहीं.

मद्याच्या बाबतींत न्यायाची भाषा कशाला, असें कोणी विचारील. आणि हा आक्षेप हलका नाहीं. २७ जानेवारी २०२२ रोजीं राज्याच्या मंत्रिमंडळानें मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचें ठरविलें, तेव्हां वाइन म्हणजे दारू नव्हे, असें तिचें समर्थन झालें. तें आम्हांस पटलें नाहीं. वाइनमध्यें मद्यार्क असतो, आणि मद्यार्कानें मोडलेलीं घरें आम्हीं या तिन्ही गांवांत पाहिलीं आहेत. ज्यानें न पिण्याचें व्रत घेतलें आहे त्यानें तें मोडावें, असें आम्ही म्हणणार नाहीं. पारखी माणूस व्यसनी होणारच नाहीं, अशी हमीही देणार नाहीं. परंतु पारखेचें कर्तव्य वाइनपुरतें नाहीं. तें तांदळास, गुळास आणि जांभळासही लागू आहे, आणि तेथें व्रताची सबब चालत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, पारखेचें काम आतां छाप करते; ग्राहकानें नांव वाचलें म्हणजे पुरे. छापेचा अनुभव आमच्या उल्हासनगरास इतरांहून अधिक आहे. लष्करानें सोडलेल्या छावणींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं हें गांव उभारलें, आणि १९४९ सालीं त्यास हें नांव मिळालें. तेथील मालावरील 'यू. एस. ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा होतो, हा विनोद मुंबईभर सांगितला जातो. विनोदांत हंसें होतें तें कारागिराचें. वस्तुतः व्हावयास हवें तें ग्राहकाचें. माल चांगला असतांही परक्या अक्षरांवांचून जो त्यास हात लावीत नाहीं, त्यानेंच तीं अक्षरें लिहवून घेतलीं.

लहान उत्पादक म्हणजे चांगला उत्पादक, असेंही समजूं नये. नाशिकच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली, तेव्हां तीही लहानच होती; पुढें ती देशांतील सर्वांत मोठी झाली आणि २०२१ सालीं तिनें तेथलीच यॉर्क ही लहान वायनरी विकत घेतली. लहानपण ही अवस्था आहे, गुण नव्हे. लहानाजवळ एकच गोष्ट अधिक असूं शकते, ती म्हणजे प्रत्येक पिंपापाशीं स्वतः जाऊन उभें राहण्याची सवड. ती त्यानें वापरली कीं नाहीं, हें पारख्यावांचून कोण सांगणार? येथें दांभिकास मात्र पारखी म्हणूं नये. दांभिक घोट घेतांना आपणांस कोण पाहतें आहे इकडे लक्ष ठेवतो. पारख्याचें लक्ष पेल्यांतील वस्तूवर आणि ती करणाऱ्यावर असतें.

२०२३ च्या अखेरीस बदलापूरच्या जांभळास भौगोलिक मानांकन मिळालें. गोष्ट आनंदाची आहे. पण मानांकन नांवाचें रक्षण करतें, झाडाचें नव्हे. नव्या इमारतींना जागा हवी असते, आणि जांभळाचें जुनें झाड आड येतें. मूल्य कळल्याशिवाय तें कोणी राखणार नाहीं, आणि चव कळल्याशिवाय मूल्य कळणार नाहीं. पिकलेलें जांभूळ दोन-तीन दिवसांवर टिकत नाहीं. म्हणूनच आमच्या विद्यार्थ्याच्या खटपटीस अर्थ आहे.

यंदा जूनमध्यें आम्ही बदलापूर स्थानकाबाहेर टोपल्या घेऊन बसणाऱ्या एका बाईंपाशीं थांबलों. आजवर "कशी दिली?" याखेरीज आम्हीं कांहीं विचारलें नव्हतें. यंदा विचारलें, "कुठल्या झाडाचीं?" बाईंनीं मान वर करून पाहिलें. मग दोन टोपल्यांकडे बोट केलें. "ही नदीकाठची, ती डोंगराकडची. नदीकाठची दिसायला मोठी. पण बाबा, डोंगराकडची खाऊन बघा." आम्हीं दोन्ही खाल्लीं. डोंगराकडचें आधीं तुरट लागलें, आणि गोडी मागून येऊन पुष्कळ वेळ राहिली. भाव दोन्हींचा एकच होता. तो एकच कां, असें विचारलें तेव्हां बाई म्हणाल्या, "वेगळं कोण विचारतंय?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्हीं डोंगराकडचीं जांभळें घेतलीं, बाईंच्या पाड्याचें नांव विचारून घेतलें, आणि तें विद्यार्थ्यास कळविलें.