दोष कोणाचा, कर्तव्य कोणाचे?

बदली झाली, आजार जडला किंवा नुसता कंटाळा आला, म्हणून कालपर्यंत मांडीवर खेळवलेले कुत्रे धनी वस्तीच्या टोकाशी सोडून निघून जातो. आपण ते पाहतो आणि म्हणतो, "दोष त्याचा, मग भार मी का वाहावा?" हा प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला बगल देऊ नये.

रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याला आपली हद्द व अन्नाची ठिकाणे ठाऊक असतात. घरात वाढलेल्याला त्यातले काहीच ठाऊक नसते. ते इतर कुत्र्यांचे चावे सोसते आणि पुष्कळदा जेथे सोडले तेथेच वाट पाहत राहते. माणसावर विसंबण्याची सवय त्याला माणसानेच लावली.

सबळ कारणाविना प्राण्याला उपासमारीच्या स्थितीत सोडणे 1960 च्या कायद्याने गुन्हा ठरवले. पण पहिल्या गुन्ह्यास दंड ठेवला तो 10 ते 50 रुपयांचा. एवढ्याशा धाकावर त्या जिवाने किती विसंबावे?

निर्गम 23:5 मध्ये ओझ्याखाली पडलेल्या गाढवाचा धनी आपला द्वेष्टा आहे. तरी साहाय्य करावे अशीच आज्ञा आहे. धन्याची योग्यता तेथे विचारात घेतलेली नाही. दोष ज्याचा त्याचा असो; कर्तव्य मात्र पाहणाऱ्याचे.

सर्व भार एकट्यानेच घ्यावा असे नाही. एकाने अन्नपाणी द्यावे, दुसऱ्याने पशुवैद्याकडे न्यावे, तिसऱ्याने नवे घर शोधावे. आणि शेजारचा वृद्ध वा आजारी धनी थकला असेल, तर त्याचा प्राणी रस्त्यावर येण्यापूर्वीच त्याचे दार ठोठवावे.