समुद्रावरचे अन्न आणि परिमाणाचे व्रत

जेथे सुखाची सर्व साधने आगाऊ मोबदला देऊन एकदाच खरेदी केलेली असतात, आणि म्हणून एकेका घासाचा वा एकेका पेल्याचा हिशेब कोणीही मागत नाही, तेथे मनुष्याने आपल्या भोगाला मर्यादा कशाच्या आधारे घालावी, हा प्रश्न वरकरणी चैनीच्या प्रवासाचा वाटला तरी मुळात धर्माचा आहे. सोलापूरसारख्या कोरड्या मुलुखातील निवृत्त शिक्षक, वकील, यंत्रमागवाले आणि दुकानदार हल्ली सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईस उतरतात आणि बॅलार्ड पिअरवरून गोव्याच्या किंवा लक्षद्वीपच्या पर्यटन-जहाजावर चढतात. निघण्यापूर्वी ते ज्या गोष्टी विचारतात त्या अशा : जेवणात काय मिळेल, शाकाहाराचा मुदपाकखाना वेगळा असेल काय, मद्याचे पॅकेज घ्यावे की न घ्यावे, पोटात ढवळले तर काय करावे. या साध्या पृच्छांच्या पोटात आपल्या धर्मविचाराचा फार जुना वाद दडलेला आहे, आणि तो नीट उकलल्याखेरीज त्यांची उत्तरे देता येतील असे मला वाटत नाही.

बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पातकांत गणला, मनुस्मृतीने समुद्रयायी ब्राह्मणास श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले, आणि पुढे बृहन्नारदीयादी पुराणांच्या नावावर कलिवर्ज्यांची, म्हणजे कलियुगात टाळावयाच्या कर्मांची, जी यादी रूढ झाली तिच्यात समुद्रगमन केलेल्याचा स्वीकार निषिद्ध ठरला. महाराष्ट्रात गेली दोनशे वर्षे ज्या ग्रंथाचा आधार घरोघर घेतला गेला तो ‘धर्मसिंधु’ 1790 च्या सुमारास आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात वास्तव्य करणाऱ्या काशीनाथ उपाध्यायांनी सिद्ध केला. नावात सिंधू असलेल्या या ग्रंथाच्या परंपरेने प्रत्यक्ष सिंधूवर जाण्यास मज्जाव करावा, याचे कारण खाऱ्या पाण्यात नव्हते. मनुस्मृतीचा निषेध श्राद्धाच्या पंक्तीशी निगडित आहे आणि कलिवर्ज्याचा निषेध परतलेल्याला पुन्हा आपल्यांत घेण्याशी, हे लक्षात घेतले म्हणजे शास्त्रकारांची खरी चिंता उघड होते. ती पंगतीची चिंता होती. महिनोन्‌महिने एकाच लाकडी सांगाड्यात राहणाऱ्या माणसाने कोणाच्या हातचे खाल्ले, कोणाच्या भांड्यातले पाणी प्याले, हे गावाला कळण्याचा मार्ग नव्हता, आणि जे कळत नाही त्याची शंका फार मोठी होते.

याची साक्ष मराठ्यांच्याच इतिहासात आहे. 1781 साली राघोबादादांनी आपले वकील म्हणून हनुमंतराव नावाच्या ब्राह्मणास, मणियार रतनजी या पारशी गृहस्थांसह, इंग्लंडला पाठविले. तेथे एडमंड बर्क यांनी या पाहुण्यांची विचारपूस केली, आणि बीकन्सफील्ड येथील आपल्या घराच्या आवारातील वनस्पतींसाठी बांधलेले काचघर त्यांच्या स्वाधीन केले, जेणेकरून त्यांना आपल्या आचाराप्रमाणे स्वयंपाक आणि जेवण करता यावे. पार्लमेंटमधील एक धुरंधर वक्ता परक्या धर्माच्या माणसाच्या चुलीसाठी आपल्या बागेतली जागा मोकळी करून देतो, हे आतिथ्याचे फार उंच उदाहरण मी मानतो. उलट, त्याच हनुमंतरावांना स्वदेशी परतल्यावर शुद्धीसाठी कठोर प्रायश्चित्त करावे लागले. परदेशात त्यांचा आचार राखला गेला होता, हे सिद्ध करण्याची सोयच त्यांच्यापाशी नव्हती, आणि असती तरी ती कोणी रुजू करून घेतली असती काय, याची शंकाच आहे.

शंभर वर्षांनंतरही स्थिती फारशी पालटली नव्हती. 1888 च्या सप्टेंबरात गांधीजी ‘क्लाइड’ जहाजाने मुंबईहून निघाले तेव्हा मोढ वणिक जातीने त्यांस बहिष्कृत केलेले होते. जहाजावर काटे-चमचे धरता येत नाहीत आणि कोणता पदार्थ निरामिष आहे हे विचारण्याचे धैर्य होत नाही, म्हणून हा तरुण भोजनगृहाकडे न फिरकता आपल्या खोलीतच बसून घरून आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर दिवस काढीत होता. आईसमोर त्यांच्याकडून तीन प्रतिज्ञा वदवून घेतल्या त्या बेचरजी स्वामी या जैन साधूंनी, आणि ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. जातीच्या पंचांनी त्यांना प्रवासच नाकारला. साधूने मात्र प्रवासास मुभा देऊन मद्य, मांस आणि परस्त्री यांविषयीची सीमा त्यांच्या मनात आखून दिली. एकाने बंधन किनाऱ्यावर ठेवले, दुसऱ्याने ते प्रवाशाच्या सामानात बांधून दिले. बिस्केच्या उपसागरापलीकडे मांसावाचून निभाव लागणार नाही, असे सहप्रवाशाने बजावले तेव्हा उपयोगी पडले ते हे दुसरे बंधन.

आहार शुद्ध असेल तर सत्त्व शुद्ध होते, असा विचार छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदांना सांगतात. त्यातील आहार म्हणजे काय, याविषयी आचार्यांत मतभेद आहे. शंकराचार्यांच्या मते शब्द, रूप, रस इत्यादी जे जे विषय इंद्रिये आत घेतात तो सारा आहारच होय. रामानुजसंप्रदाय प्रत्यक्ष अन्नाचाच अर्थ घेतो आणि अन्नाचे दोष तीन प्रकारचे मानतो. पदार्थाच्या मूळ प्रकृतीतच असलेला तो जातिदोष, ज्या व्यक्तीकडून अन्न येते तिच्यामुळे येणारा तो आश्रयदोष, आणि केस, धूळ, किडे अशा बाह्य मलिनतेने येणारा तो निमित्तदोष. आपल्या समाजाने या तिहींपैकी आश्रयदोषाचाच बडेजाव केला, आणि तोही व्यक्तीच्या चारित्र्यावरून न ठरविता तिच्या जन्मावरून ठरविला. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या एका चहाच्या पेल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले ते याच खोडीमुळे. पंढरीच्या वाळवंटात काल्याचा घास एकमेकांच्या मुखी घालणाऱ्या वारकऱ्यांच्या प्रदेशात विठ्ठलाचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण आरंभावे लागले, हेही आपण विसरता कामा नये. जहाजावर आचारी कोणत्या कुळातला, हा प्रश्न जो आजही मनात बाळगतो त्याने खुशाल घरी राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु निमित्तदोष मात्र समुद्रावर खराखुरा आहे, आणि त्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. हजारो माणसे जेथे एकाच वाढपाच्या चमच्याला हात लावतात तेथे उलट्या-जुलाबाचे विषाणू, विशेषतः नोरोव्हायरस, झपाट्याने पसरतात, आणि दाराशी ठेवलेला मद्यार्कयुक्त द्रव त्यांच्यापुढे फारसा चालत नाही. साबण आणि वाहते पाणी यांनीच हात धुवावे लागतात. जेवणापूर्वी हातपाय धुण्याचा आजीचा दंडक येथे अक्षरशः शास्त्रशुद्ध ठरतो. आहाराचा शंकराचार्यांनी घेतलेला व्यापक अर्थही जहाजाइतका अन्यत्र क्वचित पटेल. कारण तेथे जिभेबरोबरच कानांना अखंड वाद्यवृंद, डोळ्यांना झगमगाट आणि त्वचेला मऊ गाद्या यांचा भरणा दिवसरात्र चाललेला असतो.

आता सोलापूरकडे वळतो, कारण या प्रश्नाचे मला सर्वांत समंजस वाटणारे उत्तर याच शहराच्या श्रावक, म्हणजे जैन गृहस्थांच्या, परंपरेत आहे. हिंदी मालकीच्या जहाजव्यवसायाचे अध्वर्यू वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. त्यांचे वडील हिराचंद नेमचंद हे ‘जैन बोधक’ पत्राचे संस्थापक. ज्या धर्मात हिरव्या पाल्याला पाय लावतानासुद्धा मन कचरते त्या धर्मात वाढलेल्या या गृहस्थाने नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह सिंदिया कंपनी काढली आणि 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे हाकारले. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. हे जहाज पूर्वी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ होते, महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी ते विकत घेऊन इस्पितळ-जहाज म्हणून चालविले. आज मुंबईहून सुटणारे कॉर्डेलिया कंपनीचे पर्यटन-जहाजही ‘एम्प्रेस’ याच नावाचे आहे, आणि त्यावर जैन भोजनाची व्यवस्था असते. समुद्रयानाने बुडणारा धर्म तो हा नव्हे. पुढे 1938 च्या सप्टेंबरात सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर जहाजाने चीनला निघाले, तेव्हा त्यांच्या पानात काय पडेल हा प्रश्न कोणी धर्मसभेपुढे नेला असता तर त्याचेच हसे झाले असते.

श्रावकाच्या बारा व्रतांत तीन गुणव्रते आहेत. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त ती दिग्व्रत, अनर्थदंडव्रत आणि भोगोपभोगपरिमाणव्रत अशी सांगितली आहेत. एकदाच भोगून संपते ते अन्न, पेय, फूल हा भोग. पुन्हा पुन्हा वापरता येते ते वस्त्र, शय्या, आसन हा उपभोग. आणि या दोहोंचे परिमाण स्वतःच, आधीच, काही मुदतीसाठी ठरवून घेणे हे व्रत. पर्यटन-जहाजाच्या तिकिटात जे जे समाविष्ट असते त्याची याहून नेटकी वर्गवारी मला कोठे आढळली नाही. बाहेरून लादलेला निषेध मोडला की माणूस एकदम सैल सुटतो, किंवा अपराधी होतो. परिमाण मात्र त्याने स्वखुशीने कबूल केलेले असल्यामुळे परक्या ठिकाणीही टिकते, आणि त्यात कोणाचा तिरस्कार नसतो.

व्यवहारात याचा अर्थ असा, की शाकाहार, जैन आहार, मधुमेहाचे पथ्य जे असेल ते तिकीट काढतानाच लेखी नोंदवावे आणि जहाजावर चढल्याबरोबर भोजनगृहाच्या प्रमुखास पुन्हा सांगावे, म्हणजे कांदा, लसूण व कंद वर्ज्य करून स्वयंपाक करण्याची तजवीज आधीच होते. आयत्या वेळी पानावर बसून तक्रार करण्याने वाढणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो आणि पदरात काही पडत नाही. वाढपाच्या लांबलचक टेबलावरून प्रथम रिकाम्या हाताने एक फेरी मारावी, मग ताट घ्यावे. भरलेले ताट अर्धे टाकून उठणे हा अनर्थदंडच होय, कारण त्या हिंसेत कोणाचेही प्रयोजन साधत नाही. आबदारखान्याचे दिवसाच्या हिशेबाचे पॅकेज, मद्याचे असो वा सरबतांचे, मी घेऊ नका म्हणेन. पैसे वसूल करण्याची बुद्धी एकदा जागी झाली की तहान मागे पडते आणि पेले मोजले जाऊ लागतात. लागेल तो पेला लागेल तेव्हा पैसे मोजून घ्यावा. प्यायचे पाणी बहुधा समुद्राच्याच पाण्यातून क्षार काढून तयार केलेले असते. ते निर्धोक असते, तथापि ज्यांना उकळलेलेच चालते त्यांनी ते मागून घ्यावे, कोणी नाकारीत नाही. शय्येच्या बाबतीत खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली खोली निवडावी. तेथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो, आणि भाडेही वरच्या सज्जाच्या खोलीहून पुष्कळ कमी असते. पोटात ढवळू लागले तर क्षितिजावर दृष्टी ठेवून उघड्या हवेत बसावे, आले चघळावे; पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तडस लागेपर्यंतही खाऊ नये.

या कामी सोलापूरची कडक भाकरी मला एखाद्या औषधासारखी वाटते. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी तव्यावर भाजून, मग पूर्ण वाळेपर्यंत ठेवलेली, हातात घेतली तर कागदासारखी हलकी आणि मोडली तर कुडकुड वाजणारी. पुष्कळ दिवस ती बिघडत नाही. तिच्याबरोबर शेंगाचटणीची चिमूट असली की मळमळणाऱ्या जिभेला शुद्ध येते. घरचे अन्नपदार्थ नेण्याविषयी प्रत्येक जहाजाचे नियम निराळे असतात, ते आधी विचारून घ्यावे आणि पाळावे.

सर्वांत अवघड प्रश्न रात्रिभोजनत्यागाचा. शुक्रवार पेठेतील माझ्या परिचयाच्या एक वृद्ध श्राविका मुलाच्या आग्रहाखातर लक्षद्वीपच्या फेरीस गेल्या. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळे आणि रात्रीच्या जेवणाची पंगत त्यानंतर मांडली जाई. पहिल्या दिवशी त्यांनी काही न बोलता उपवास केला. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीकडचा एक वाढपी पोरगा रिकामे पान पाहून जवळ आला आणि म्हणाला, “आजी, काय झालं, आमचं जेवण आवडलं नाही का?” कारण कळल्यावर तो रोज साडेपाच वाजता वरण, भात आणि एक भाजी झाकून त्यांच्या खोलीशी आणून देऊ लागला. तिसऱ्या दिवशी आजींनी त्याला विचारले, “बाळा, तू कधी जेवतोस?” तो म्हणाला, “सगळे उठल्यावर, अकराच्या पुढे.” आजी मला म्हणाल्या, की माझा नेम सांभाळण्यासाठी त्या लेकराला एक फेरी जास्त पडत होती, हा दोष कोणाच्या खात्यावर लिहायचा, ते मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

मलाही सापडलेले नाही, परंतु प्रश्न अचूक आहे. अन्नाची शुद्धी पानातल्या पदार्थावरच थांबत नसेल, तर ज्याच्या श्रमाने ते पान आले त्याच्या भुकेचा आणि झोपेचा हिशेब तिच्यात धरलाच पाहिजे. आश्रयदोषाचा विचार आपण शतकानुशतके उलट्या दिशेने केला : वाढणाऱ्यामुळे खाणाऱ्यास काय लागते एवढेच पाहिले, खाणाऱ्यामुळे वाढणाऱ्यास काय सोसावे लागते हे पाहिले नाही. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्याने पिढ्यानपिढ्या जहाजांना खलाशी, सारंग आणि भंडारी पुरविले. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोवेकरांच्या गावोगावच्या कुडींत, म्हणजे सामायिक वसतिगृहांत, राहून ही माणसे पुढच्या जहाजाची वाट पाहत, आणि महिनोन्‌महिने घरचे तोंड न पाहता दुसऱ्यांच्या ताटात अन्न वाढीत. त्यांच्या हातून आलेला भात विटाळाचा, अशी भीती ज्यांनी घातली त्यांनी त्यांचे नाव विचारण्याची तसदी कधी घेतली नाही.

म्हणून परिमाणाच्या व्रतात मी आणखी एक कलम घालीन, आणि ते प्रवासाच्या पहिल्याच दिवशी पाळण्याजोगे आहे. खोली आवरणाऱ्याचे आणि पान वाढणाऱ्याचे नाव विचारून घ्यावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या चार-सहा कुटुंबांनी एकत्र येऊन एकच वेळ ठरवावी, म्हणजे एकाच फेरीत सर्वांचे भागते. मध्यरात्री सहज हुक्की आली म्हणून खोलीत खाणे मागवू नये. आणि सेवाशुल्क तिकिटात धरलेले आहे की वेगळे द्यावयाचे आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करून, धरलेले असले तरी काही रक्कम उतरताना त्यांच्या हातात द्यावी. आजींनी त्या पोराला उरलेल्या कडक भाकऱ्यांचे पुडके दिले, आणि खालच्या मजल्यावरच्या चौघांनी मिळून त्या खाल्ल्या असे त्याने दुसऱ्या सकाळी येऊन सांगितले.